ओनोफ्रेने पुसलेली पावलं

ओनोफ्रे त्रुहियो माणसं चेहऱ्यावरून ओळखत नसे, बुटांवरून ओळखे. कामच तसं होतं. वर टेकडीवरच्या प्रयोगशाळेत तो जमिनी पुसायचा, आणि जमीन पुसणाऱ्याला माणसाचा जो भाग दिवसभर दिसतो तो गुडघ्याखालचा. रस्त्यात कुणी रामराम केला की ओनोफ्रे आधी खाली बघे, मग "हां, तुम्ही होय!" म्हणत वर बघे. त्याची बायको हेनोवेवा म्हणायची, "मेल्यावर सान पेद्रो किल्ल्या घेऊन स्वर्गाच्या दारात उभा असेल, आणि आमचा म्हातारा त्याला म्हणेल, जरा पाय दाखवा बघू."

म्हातारा म्हणजे तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा. पण आमच्या खोऱ्यात लग्नाला चार वर्षं झाली की नवरा म्हातारा होतो आणि बायको म्हातारी. त्याला वयाचा पुरावा लागत नाही.

जमिनीचं हे वेड त्याला आईकडून आलं होतं. त्रुचास गावात घरं मातीची, आणि दर वसंतात ती सारवायची बायकांनी. ओनोफ्रेची आई त्या कामातली एक्का. तळहाताने सारवून वर मेंढीच्या कातड्याने घोटलेली तिची जमीन अशी व्हायची की गावातली कोंबडी त्यावरून चालताना जरा बिचकून चाले. आईचे जमिनीबाबत नियम होते. ओल्या जमिनीजवळ शिट्टी वाजवायची नाही, भेगा पडतात. नवऱ्याशी भांडून सारवायला बसायचं नाही, पोपडे निघतात. त्यामुळे त्रुहियोंच्या घरात आधी सारवण उरकून घेत आणि मग निवांत भांडत. आणि तिसरा नियम असा, की घरात कुणी अचानक आजारी होऊन पडलं, तर पडायच्या आधी ते माणूस जिथे उभं होतं तिथल्या त्याच्या पावलांवरून सूर्य मावळायच्या आत ओला हात फिरवायचा. नाहीतर दुखणं त्या पावलांत ठाण मांडून बसतं आणि माणसाला सोडत नाही.

पहिले दोन नियम ओनोफ्रेने मोठेपणी सोडले. तिसरा मात्र कधी सोडला नाही.

युद्धाच्या दिवसांत खालच्या खोऱ्यातल्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी टेकडीवर कामाला जाऊ लागलं. सकाळी बस यायची, संध्याकाळी परत आणायची. वर काय चालतं हे विचारायचं नाही अशी तंबी होती. हेनोवेवाने तरीही विचारलं तेव्हा ओनोफ्रे म्हणाला, "मला इतकंच ठाऊक आहे की ते लोक खडू फार वापरतात आणि पाय पुसत नाहीत."

त्या पाय न पुसणाऱ्यांत एमेट लुंडक्विस्ट होता. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातला, पस्तिशीचा, आणि अंगाने असा की त्याच्यापुढे दरवाजे अरुंद वाटावेत. बाकीची विद्वान मंडळी ओनोफ्रे पोछा घेऊन आला की कागदातून डोकं न काढता नुसते पाय वर उचलत. लुंडक्विस्ट उठून भिंतीला टेकून उभा राहिला आणि बघत राहिला. मग त्याने मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं, "तुम्ही सरळ का पुसत नाही? असं वळसे घेत घेत का?"

"सरळ पुसलं तर घाण एका टोकाला जाते," ओनोफ्रे म्हणाला. "वळशाने पुसलं तर बादलीत येते."

लुंडक्विस्टने ते वहीत लिहून घेतलं. आयुष्यात आपलं बोलणं कुणी लिहून घेतलंय हे ओनोफ्रेला पहिल्यांदाच दिसत होतं. त्या दिवसापासून एक 'दॉन ओनोफ्रे' झाला आणि दुसरा 'दॉन एमेट', म्हणजे दोन्हीकडून मानाची उपाधी. ओनोफ्रेने मनातल्या मनात त्याचे बूटही नोंदवून ठेवले: तपकिरी, रुंद, डाव्या टाचेची बाहेरची कड झिजलेली, पुढची टोकं जराशी आत वळलेली. मोठ्या माणसाचे लाजाळू बूट.

मग एका रविवारी लुंडक्विस्ट परवाना काढून त्रुचासला जेवायलाच आला. हेनोवेवा चुलीपाशी होती. एकदम अंधारून आलं.

"म्हाताऱ्या, ढग आलेत का रे? वाळवण बाहेर आहे!"

"ढग नाही गं. दॉन एमेट आलेत."

हेनोवेवाने वळून बघितलं. दार गच्च भरलं होतं. "असं होय," ती म्हणाली. "मग तुम्ही आत तरी या नाहीतर बाहेर तरी जा. मधे उभे राहिलात तर मला तवा दिसत नाही."

लुंडक्विस्ट आत आला तो पुढे दोन वर्षं येत राहिला. पिंटो घेवडा, लाल मिरचीचं कालवण आणि टॉर्टिया यांच्यावर त्याचं असं प्रेम बसलं की हेनोवेवा त्याच्या वाटणीचं पीठ वेगळं मळायची. तो नको नको म्हणायचा आणि ताट पुढे करायचा. ती म्हणायची, "एमेट, आता तुला दारातून बाहेर काढायचं तर भिंत पाडावी लागेल." पुरुषाला दॉन तसं बाईला मानाने दोन्या; तो म्हणायचा, "दोन्या हेनोवेवा, मग मी इथेच राहतो." वसंतात तो सारवायलाही बसला. त्याने सारवलेला कोपरा हेनोवेवाने तो गेल्यावर हळूच पुन्हा सारवला, आणि ही गोष्ट त्याला कधीही कळू नये अशी ओनोफ्रेला शपथ घातली.

तो जेवला नाही असा एकच रविवार. ऑगस्ट महिना होता, बाँबची बातमी आली होती, आणि टेकडीवर काय चालतं ते अख्ख्या खोऱ्याला एका दिवसात कळलं होतं. हेनोवेवाने ताट वाढलं आणि विचारलं, "त्या गावात बायका होत्या ना रे? चुलीपाशी बसलेल्या?" तो म्हणाला, "होत्या."  ताट तसंच राहिलं. पुढच्या रविवारी तो येईल की नाही अशी तिला धास्ती होती. दार अंधारलं तेव्हा ती ढगांबद्दल काही बोलली नाही, फक्त सरकून चुलीजवळ जागा केली.

युद्ध संपलं, बरेच शास्त्रज्ञ आपापल्या गावी गेले. लुंडक्विस्ट मागे राहिला. दरीच्या तोंडाशी एक लांबट बसकी खोली होती, तिथे त्याचं काम. धातूच्या दोन अर्धगोल वाट्या एकमेकींच्या किती जवळ आणल्या तर आतला धातू जागा होतो, म्हणजे जीवघेणी किरणं सोडू लागतो, हे मोजायचं. वरची वाटी हाताने धरून हळूहळू खाली आणायची, मधे लाकडी पाचरी ठेवायच्या, आणि किरणं मोजणाऱ्या यंत्राची टिकटिक ऐकत एकेक पाचर बारीक करत जायची. पाचर निसटली तर काय, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. पण रोज केलेल्या कामाची भीती रोज थोडी थोडी कमी होते. ओनोफ्रेलाही ते नुसतं दॉन एमेटचं झाकण-झाकण वाटायचं. रोज दुपारी तीनला तो त्या खोलीत बादली घेऊन यायचा आणि झाकण-झाकण चालू असतानाच टेबलाखालून पोछा फिरवायचा.

पंधरा मे हा सान इसिद्रोचा दिवस. शेतकऱ्यांच्या या संताची मूर्ती त्या दिवशी खांद्यावर घेऊन शेताशेतातून फिरवतात. त्या वर्षी मूर्तीचा पुढचा डावा खांदा ओनोफ्रेकडे आला होता. पण रजा मागायची त्याला लाज वाटत होती. दुपारी दीड वाजता तो खोलीच्या दारात उगाच बादली खाली ठेवत, उचलत उभा राहिला.

"काय झालंय, दॉन ओनोफ्रे?"

"काही नाही. गावात आज मिरवणूक आहे. मूर्ती म्हणजे तशी फार जड नाही, तिघंही उचलतील."

"चौथा खांदा कुणाचा?"

ओनोफ्रे खाली बुटांकडे बघत राहिला.

"जा हो!" लुंडक्विस्ट म्हणाला. "संत वाट बघणार नाही, जमीन बघेल. संध्याकाळी पुसा. आणि दोन्याला सांगा, रविवारी मी दोन रविवारांचं जेवणार आहे."

ओनोफ्रे गेला. मूर्ती शेतातून फिरली. आणि तीन वाजून वीस मिनिटांनी, टेकडीवरच्या त्या खोलीत, पाचर निसटली.

पुढचं ओनोफ्रेला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. निळा उजेड चमकला, गरम झळ आली. लुंडक्विस्टने उघड्या हाताने वरची वाटी उडवून लावली. सगळं मिळून एखाद्या सेकंदाचं काम. खोलीत तो धरून पाच जण होते.  लुंडक्विस्ट शांतपणे म्हणाला, "संपलं. माझं तरी." मग टेबलावरचा खडू उचलून म्हणाला, "कुणी हलला असाल तर परत जागेवर या. कोण कुठे होतं ते आत्ताच काढून ठेवू, नंतर आठवणार नाही." प्रत्येकाने घाईघाईत आपल्या पायांभोवती खडूने रेघ ओढली. त्या पावलांवरून टेबलापर्यंतचं अंतर मोजायचं, आणि त्यावरून कुणाच्या अंगात किती किरणं गेली, कोण जगेल आणि कोण नाही, हे डॉक्टरांना सांगायचं. मोजणारी माणसं दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. पाचही जण दवाखान्यात गेले आणि खोलीच्या दारावर एक शिपाई उभा राहिला.

साडेसहाला ओनोफ्रे आला. संताला फिरवून आला होता, पोटात दोन घरची जेवणं होती, मन प्रसन्न होतं.

"आत जाता येणार नाही," शिपाई म्हणाला.

"का?"

"हुकूम आहे. एकाही शास्त्रज्ञाला आत सोडायचं नाही."

ओनोफ्रेने स्वतःकडे बघितलं. बादलीकडे बघितलं. शिपायानेही बघितलं. हुकुमात पोछेवाल्याचा उल्लेख नव्हता, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

"आज बंद का पण?"

"तो मोठा प्रोफेसर अचानक आजारी पडला. उचलून नेला म्हणतात."

ओनोफ्रे आत गेला. मेण लावून घोटलेल्या त्याच्या जमिनीवर खडूच्या पावलांचे पाच जोड होते. त्यातला सगळ्यात पुढचा, टेबलाला लागून असलेला, रुंद, टोकं आत वळलेला जोड कुणाचा हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. खिडकीबाहेर सूर्य डोंगराला टेकायला आला होता. ओनोफ्रेने टोपी काढली, पाण्यात पोछा बुडवला आणि डोळे पुसत पुसत पावलांचे ते पाचही जोड वळशा-वळशाने पुसून काढले. एकाचीच पुसून बाकीच्यांची ठेवणं त्याला बरं वाटलं नाही. ती पण कुणाची तरी लेकरंच. जमीन लखलखीत झाली तेव्हा कुठे त्याचा जीव थाऱ्यावर आला. सूर्य मावळायला अजून बोटभर अवकाश होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणारी माणसं फीत घेऊन आली, आणि जमिनीत त्यांना स्वतःचे चेहरे दिसले.

मेजर प्रुइट हा टेकडीवरचा बंदोबस्ताचा अधिकारी. ओनोफ्रेच्या लेखी काळे, टोकदार, आरशासारखे बूट. ते बूट ओनोफ्रेभोवती तीन फेऱ्या मारून थांबले.

"कुणी सांगितलं पुसायला?"

"आईने."

"कुठे आहे ती?"

"कबरस्तानात, साहेब. सोळा वर्षं झाली."

मेजरने लिहिता लिहिता हात थांबवला. "मस्करी करतोस?"

"साहेब, मी जमीन पुसतो. मला कुणी सांगितलं नव्हतं की ती पावलं कागदपत्रं आहेत."

पोछ्याच्या मागे परका देश आहे की नुसती आई आहे, हे मेजरला ठरवता येईना. पण त्या मोजणाऱ्यांतला एक जण कपाळाला हात लावून म्हणाला, "जाऊ द्या हो ते. टान्सीचं काय सांगायचं आता? लुंडक्विस्ट सकाळपासून दहा वेळा विचारतोय." आणि तेव्हा ओनोफ्रेला पहिल्यांदा कळलं की आपण काय पुसलं.

ऑर्विल टान्सी हा लुंडक्विस्टचा मदतनीस शास्त्रज्ञ. तेवीस वर्षांचा, सुतळीसारखा, मार्चमध्ये लग्न झालेला. तो सगळ्यात जवळ होता. लुंडक्विस्ट वाचणार नाही हे डॉक्टरांना ठाऊक होतं आणि खुद्द लुंडक्विस्टला डॉक्टरांच्याही आधी ठाऊक होतं. त्याचं एकच मागणं होतं. डोकं ठिकाणावर आहे तोवर टान्सीचा आकडा कळावा. डॉक्टर म्हणत होते, डोकं फार तर आणखी दोन दिवस साथ देईल.

मग टान्सीला आणि बाकीच्या तिघांना दवाखान्याच्या झग्यांवर ओव्हरकोट घालून खोलीत आणलं आणि म्हटलं, काल जसे उभे होतात तसे उभे राहा. काय गोंधळ झाला! चौघांच्या मिळून डझनभर पदव्या, पण आपले पाय कुठे होते हे एकालाही सांगता येईना. एक म्हणे मी दाराशी होतो. दुसरा म्हणे छे, दाराशी मी होतो, तू मला धक्का मारून पळालास. तिसऱ्याने जागा दाखवली तिथे तर भलंमोठं कपाट होतं. आणि टान्सी टेबलाच्या डाव्या अंगाला, अगदी कडेला जाऊन उभा राहिला. "मी इथे होतो. तो निळा उजेड मला समोर दिसला. मधे कुणी नव्हतं."

फीतवाल्याने त्या जागेवरून अंतर मोजलं, कागदावर काही मांडलं आणि टान्सीकडे बघायचं टाळलं.

कोपऱ्यात दोन शिपायांच्या मधे उभा असलेला ओनोफ्रे खाली जमिनीकडे बघत होता. आणि बघता बघता त्याला आठवलं, की काल पोट इतकं भरलं होतं की त्याला वाकवत नव्हतं. म्हणजे पोछा फिरवला होता, पण गुडघ्यावर बसून टर्पेंटाइनच्या चिंध्यांनी घासायचं काम राहून गेलं होतं.

"साहेब," तो म्हणाला, "त्यांचे बूट कुठे आहेत?"

"काय?"

"सगळ्यांच्या पायांत सपाता आहेत. कालचे बूट कुठे आहेत? खडू पाण्याने जातो. रबराचा काळा ओरखडा पाण्याने जात नाही. मेणात रुतून बसतो. गेली तीन वर्षं रोज मी त्याच ओरखड्यांशी झगडतोय, साहेब. कालचे अजून इथेच आहेत. दिवा द्या."

दिवा आला. तिरका धरल्यावर त्या आरशासारख्या जमिनीवर बारीक काळे ओरखडे दिसू लागले. एकदम दचकून मागे सरलेल्या टाचांचे. दवाखान्यातून कागदी पिशव्यांतले बूट आले. आधी त्यांना टिकटिक यंत्र लावून बघितलं, मग हात लावायला हरकत नाही म्हणाले. ओनोफ्रे गुडघ्यांवर बसला आणि एकेक जोड मांडू लागला.

"हे दाराशी. हे तुमचे," तो दाराच्या भांडणातल्या पहिल्याला म्हणाला. "आणि तुम्ही खिडकीत होतात, टाचेला खिळा आहे तुमच्या, ही त्याची रेघ. तुम्ही धक्का खाल्ला नाही, दिलात." दुसरा गोरामोरा झाला. "हे तिसरे, यांना कपाटच आठवतंय कारण त्याला टेकून उभे होते. रोज तिथेच टेकतात, तिथला मेणाचा थर मला दर आठवड्याला नव्याने द्यावा लागतो."

मग त्याने तपकिरी रुंद जोड टेबलाला लावून ठेवला. डावी टाच बाहेरून झिजलेली, टोकं आत. तो जोड ठेवताना त्याला थोडा वेळ लागला, आणि कुणी घाई केली नाही.

शेवटी टान्सीचे नवे रबरी बूट हातात घेऊन तो त्या रुंद जोडाच्या बरोबर मागे गेला आणि तिथे ठेवले. थेट पाठीमागे, वीतभर अंतरावर.

"नाही!" टान्सी ओरडला. "मी तिथे नव्हतो. मी डावीकडे होतो. मला उजेड दिसला!"

"तिकडे काय आहे डावीकडे?"

"काय म्हणजे? भिंत आहे. काचेचं कपाट आहे."

"त्याची काच मी रोज पुसतो," ओनोफ्रे म्हणाला. "ती इतकी स्वच्छ असते की चिमण्या येऊन आपटतात. उजेड तुम्हाला त्यात दिसला, बाळा. टेबलावरचा नाही. टेबल तुम्हाला दिसणंच शक्य नव्हतं. पुढे दॉन एमेट उभे होते. दॉन एमेट पुढे असले की आमच्या घरात चूलसुद्धा दिसत नाही."

टान्सीने आपल्या बुटांकडे बघितलं, पुढच्या बुटांकडे बघितलं, आणि भिंतीला टेकून खाली बसला. आपण जवळ होतो, तर आपल्यालाही तेवढंच लागलं असणार, आणि लागायलाच हवं होतं, असं त्याने कालपासून मनाशी पक्कं धरलं होतं. त्यातून सुटका झाली ती त्याला पेलेना.

फीतवाला मोजत होता, मधल्या त्या रुंद अंगाने किती किरणं अडवली तेही मांडत होता. खोलीत बुटांचे पाच रिकामे जोड उभे होते. ओनोफ्रे अजून गुडघ्यांवरच होता. टेबलाखाली, जिथे तीन वाजल्यापासून साडेतीनपर्यंत रोज त्याचे स्वतःचे पाय असायचे, ती जागा त्याच्या नजरेसमोर होती. तिथे ओरखडा नव्हता. सहावा जोड नव्हता. काल त्या वेळी तो जोड ओल्या नांगरटीतून संताला घेऊन चालला होता. ओनोफ्रेने त्या मोकळ्या जागेवर तळहात ठेवला आणि मनातल्या मनात आधी संताचे आभार मानले, मग वाटलं की क्रम चुकला, म्हणून आधी दॉन एमेटचे मानून संताचे पुन्हा मानले.

आकडा दुपारी निघाला. तो घेऊन जायला मेजर प्रुइटने ओनोफ्रेलाच पाठवलं. सोबत डॉक्टर होते, पण बोलायचं ओनोफ्रेने. "तूच पुसलंस, तूच सांग," मेजर म्हणाला. बोलण्यात जरब होती, पण काळे बूट त्याच्याबरोबर दवाखान्याच्या दारापर्यंत चालत आले.

लुंडक्विस्ट पलंगावर मावत नव्हता. दोन्ही हात बर्फात होते. चेहरा सुजला होता, तरी त्याने लगेच ओळखलं.

"दॉन ओनोफ्रे! तुम्ही माझे पाय पुसलेत म्हणे."

"पुसले. आईचा नियम होता, दॉन एमेट. दुखणं बसू नये म्हणून."

"लागू पडला का?"

ओनोफ्रेने हातातल्या कागदाची घडी घातली आणि पुन्हा उलगडली.

"असू द्या. चांगला नियम आहे. वहीत लिहायला हात नाहीत, म्हणून राहिलं. टान्सी?"

"तो तुमच्या मागे होता. बरोबर मागे. त्याचा आकडा..." ओनोफ्रेने कागद डॉक्टरांकडे दिला आणि डॉक्टरांनी आकडा वाचला. "थोडे दिवस ओकाऱ्या होतील, केस जातील म्हणतात," ओनोफ्रे म्हणाला, "पण जगेल. बायकोला सांगितलंय तसं. ती बाहेर बाकावर बसून रडतेय. चांगलं रडणं आहे."

लुंडक्विस्टने डोळे मिटले. डॉक्टरांना वाटलं झोपला. पण त्याचं ते मोठं पोट हलायला लागलं. हसत होता.

"माझ्या मागे," तो म्हणाला. "बरोबर मागे! दॉन ओनोफ्रे, हिशेब कळतोय का तुम्हाला? मी जर काटकुळा असतो, त्याच्यासारखा..." त्याला दम लागला. "त्याला वाचवलं ते दोन्या हेनोवेवाच्या टॉर्टियांनी. दोन वर्षं ती भिंत बांधत होती आणि आपण समजत होतो जेवण चाललंय. सांगाल तिला?"

"सांगेन."

"असंच सांगा. माझ्या शब्दांत."

"आणि दॉन एमेट, काल दुपारी तीनला मी..."

"ठाऊक आहे," लुंडक्विस्ट म्हणाला. "काल निळं दिसलं तेव्हा पहिला विचार तोच आला. आज खाली कुणी नाही. मूर्ती कशी होती, जड?"

"नव्हती हो. अजिबात जड नव्हती."

"बघा," लुंडक्विस्ट म्हणाला. "आणि तुम्ही मागायला लाजत होतात."

आठव्या दिवशी तो गेला. अखेरचे चार दिवस त्याला कुणाचीच ओळख नव्हती. पण ते दोन दिवस त्याला मिळाले होते, आणि टान्सीची बायको रोज येऊन त्याच्या कपाळावर ओला रुमाल ठेवत होती, हेही त्याला कळत होतं.

टेकडीवर त्यानंतर नियम झाला की असलं काम हाताने करायचं नाही. दूरच्या खोलीत बसून यंत्राने करायचं. दुसरा एक छोटा नियम मेजर प्रुइटने स्वतः टाइप करून पोछ्याच्या कपाटावर चिकटवला: लेखी परवानगीशिवाय खडू पुसू नये. ओनोफ्रे निवृत्त होईपर्यंत तो कागद तिथे होता, आणि तो दर शनिवारी त्याच्यावरची धूळ मात्र झटकायचा.

हेनोवेवाला त्याने सांगितलं, शब्दांत शब्द, चुलीपाशीच. ती परातीतलं पीठ मळत राहिली, मळत राहिली, इतकं की शेवटी ओनोफ्रेने तिचा हात धरला. "वेडा होता," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "किती खायचा रे!" आणि मग रडली.

पुढच्या वर्षी सान इसिद्रोच्या दिवशी मूर्तीच्या पुढच्या डाव्या खांद्याखाली एक काटकुळा गोरा माणूस उभा होता. त्याचे केस नुकतेच, लहान मुलासारखे मऊ, परत आलेले. ओनोफ्रेने आपला खांदा त्याला देऊन टाकला होता. मिरवणूक संपल्यावर टान्सी आणि त्याची बायको त्रुहियोंच्या घरी जेवायला आले. हेनोवेवाने त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि नाक मुरडलं.

"म्हाताऱ्या, हा कसला माणूस! याच्या मागे मांजरसुद्धा लपणार नाही. बस रे इथे."

तिसऱ्या टॉर्टियाला टान्सी म्हणाला, पुरे. हेनोवेवाने चौथी वाढली. तो म्हणाला, खरंच पुरे, दोन्या. तिने पाचवी वाढली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुझ्यापुढे कुणीतरी उभं होतं ना? मग? उद्या तुझ्या मागे कुणी उभं असेल. खा मुकाट्याने."

टान्सीने डोळे पुसले आणि खाल्ली. तो दरवर्षी येत राहिला. पुढे मुलं झाली, मुलं मोठी झाली, तोही बराच रुंद झाला. हेनोवेवाच्या हाताला तेवढं यश होतं. तिची दृष्टी अधू झाली तरी मे महिन्यातल्या त्या दुपारी दारात कोण आलंय हे तिला विचारावं लागत नसे. चुलीपाशी बसल्या बसल्या एकदम अंधारून यायचं. टान्सी घाईघाईने बाजूला व्हायला लागे, आणि ती तवा चाचपत ओरडे, "हलू नको रे! उभा राहा थोडा वेळ. मला दिसलं नाही तरी चालेल."